सुलतान बाजार : एका मोहल्ल्याची वार्ता

हैदराबादेतील मराठी माणसाचा आणि बातमीचा संबंध छापखान्याहून जुना आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात निजामाच्या दरबारी पेशव्यांचे वकील म्हणून राहिलेले गोविंदराव काळे येथून नाना फडणिसांकडे पत्रे पाठवीत. दरबारातील मसलती, सरदारांचे रुसवे-फुगवे आणि फौजांच्या हालचाली यांचा वृत्तान्त पुण्याला पोहोचविणे हे वकिलाचे पहिले कर्तव्य समजले जाई. ही वार्ता मोलाची असे. परंतु ती दोघा-चौघांसाठीच लिहिलेली असे. चौकात उभ्या असलेल्या सामान्य माणसाचा तिच्याशी काही संबंध नसे. उलट, ती त्याच्या कानी पडू नये यातच वकिलाचे कौशल्य होते.

पुढे शतकभराने त्याच शहरात, मुशी नदीच्या उत्तर तीरावरील एका लहानशा वस्तीत, बातमी ही सर्वांनी मिळून वाचावयाची वस्तू झाली. त्या वस्तीला त्या काळी रेसिडेन्सी बाजार म्हणत. आज ती सुलतान बाजार या नावाने ओळखली जाते. बडी चावडी, पुतलीबावली, हशमतगंज, हनुमान टेकडी, इसामिया बाजार, जांबाग ही तिच्या अंगाखांद्यावरची व आसपासची नावे. हैदराबादेच्या मराठी सार्वजनिक जीवनाचा बराचसा इतिहास या दोन-चार गल्ल्यांतच घडला. तो येथेच का घडला, या प्रश्नाचे उत्तर वस्तीच्या रचनेत आणि तिच्या चमत्कारिक हद्दीत दडलेले आहे.

कोठी आणि बाजार

जेम्स अकिलीस कर्कपॅट्रिक या इंग्रज रेसिडेंटाच्या कारकिर्दीत, १८०३ च्या सुमारास, मुशीच्या उत्तरेस रेसिडेन्सीची भव्य वास्तू उभी राहू लागली. मद्रास इंजिनिअर्सपैकी सॅम्युअल रसेल याने तिचा आराखडा केला. उंच स्तंभांचा दर्शनी सोपा, त्याकडे नेणाऱ्या रुंद पायऱ्या आणि पायथ्याशी बसविलेले सिंह, असा तिचा थाट आहे. लोकांनी मात्र या प्रासादाला साधेपणाने ‘कोठी’ म्हटले, आणि पुढे साऱ्या परिसराचेच ते नाव झाले. निजामाने कर्कपॅट्रिकला ‘हशमत जंग’ हा किताब दिला होता. हशमतगंज हे नाव त्याचीच आठवण होय.

जेथे सत्ता तेथे बाजार, हा जुना न्याय येथेही खरा ठरला. रेसिडेन्सीच्या भिंतीबाहेर दुकाने आली, सराफ आले, सावकार आले. १८१४ मध्ये विल्यम पामरने स्थापिलेली व पुढे निजामाच्या खजिन्याला जड झालेली पामर कंपनीची पेढी याच आश्रयाने वाढली आणि १८२४ च्या सुमारास बुडाली. पेढी बुडाली तरी पैशाला संरक्षण हवे असणाऱ्यांचा ओघ थांबला नाही. भोवतालच्या बाजारावर रेसिडेंटाचा अंमल चाले. पोलीस, न्याय आणि सफाई या तिन्ही बाबतीत ही वस्ती निजामाच्या कोतवालीबाहेर होती. शहराच्या कुशीत असूनही शहराच्या हुकुमाबाहेर, अशी तिची स्थिती होती.

या हद्दीला पहिला मोठा हादरा बसला तो १७ जुलै १८५७ रोजी. त्या दिवशी तुर्रेबाज खान आणि मौलवी अलाउद्दीन यांच्या नेतृत्वाखाली रोहिल्यांनी व शहरातील लोकांनी रेसिडेन्सीवर चाल केली. पुतलीबावलीच्या बाजूची अब्बनसाहेब व जयगोपालदास यांची घरे ताब्यात घेऊन त्यांनी तेथून गोळीबार केला. उठाव रात्रभरात मोडला. तुर्रेबाज खान पकडला गेला, त्याला काळ्या पाण्याची शिक्षा झाली, तो निसटला आणि जानेवारी १८५९ मध्ये तुपरानजवळ मारला गेला. पुढे रेसिडेन्सीभोवती बुरूज व तटबंदी उभी राहिली. आज याच परिसरातील एका रस्त्याला तुर्रेबाज खानाचे नाव आहे. ज्या सत्तेने त्याला मारले तिचा प्रासाद आणि त्याचे नाव मिरविणारा रस्ता एकमेकांच्या शेजारी नांदत आहेत.

दोन पंचांगांचा दिनक्रम

अशा दुहेरी अमलाखालील वस्तीत रोजचे जीवन कसे चालत असेल, याचा विचार केला म्हणजे तिचे वेगळेपण ध्यानात येते. निजामाच्या कचेऱ्यांत फसली सन चाले. त्याचे महिने आजूर, दै, बहमन, इस्फंदार असे. रेसिडेन्सीच्या कागदावर इंग्रजी तारीख असे. घरातील देव्हाऱ्यापाशी शालिवाहन शकाचे पंचांग टांगलेले असे. जो दिवस एकाच्या वहीत १३३१ फसलीचा, तोच दुसऱ्याच्या वर्तमानपत्रावर १९२१ सालचा आणि तिसऱ्याच्या पत्रिकेत शके १८४३ चा.

नाण्यांची स्थितीही तीच होती. निजामाचा रुपया तो ‘हाली’ आणि इंग्रजांचा तो ‘कलदार’. ढोबळमानाने सात हाली म्हणजे सहा कलदार असा भाव पडे. पुण्या-मुंबईचे पुस्तक मागवावयाचे तर किंमत कलदारात, आणि पगार मात्र हालीत. वाचनाची आवड असणाऱ्या कारकुनाला पुस्तकाच्या किमतीबरोबर हा बट्ट्याचा हिशेबही मनाशी करावा लागे. सुटीचा वारसुद्धा एक नव्हता. निजाम सरकारच्या कचेऱ्या शुक्रवारी बंद, तर इंग्रजी अमलातील व्यवहार रविवारी बंद. एकाच घरातील दोघे भाऊ दोन सरकारांच्या नोकरीत असतील, तर आठवड्यातून एकदाही त्यांची सुटी जुळू नये, अशी ही व्यवस्था होती.

भाषेचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा होता. १८८४ च्या सुमारास फारसीच्या जागी उर्दू ही राज्याची दरबारी भाषा झाली. न्यायालयात उर्दू, घरात मराठी, बाजारात तेलुगू व दखनी, आणि रेसिडेन्सीच्या फाटकाशी इंग्रजी. मराठवाड्याच्या पाच जिल्ह्यांतून कामकाजासाठी, वकिलीसाठी किंवा शिक्षणासाठी राजधानीत आलेला माणूस थोड्याच दिवसांत या चारही भाषांत सौदा करू लागे. परंतु सौदा करणे निराळे आणि मन मोकळे करणे निराळे. मन मोकळे करावयास त्याला आपल्या भाषेचे ठिकाण हवे होते.

टपाल हा या दुहेरीपणाचा आणखी एक पदर. निजामाचे स्वतःचे टपालखाते होते, त्याची स्वतःची तिकिटे होती. त्याशिवाय ब्रिटिश टपालाचीही सोय होती. १८७४ मध्ये वाडी जंक्शनपासून सिकंदराबादेपर्यंत लोहमार्ग आला, आणि १९०० च्या सुमारास मनमाडकडूनही गाडी येऊ लागली. मंगळवारी पुण्यात निघालेला ‘केसरी’ पूर्वी किती दिवसांनी मिळेल याचा नेम नसे. आता त्याची वाट वारावर पाहता येऊ लागली. बातमी शिळी असली तरी ती ठरल्या वेळी येते, ही जाणीव वाचकवर्ग घडविणारी असते. वाचनालयाची वेळ ठरते ती त्यातूनच.

पुराची बातमी

२८ सप्टेंबर १९०८ हा दिवस हैदराबादेच्या स्मृतीत कायमचा कोरला गेला आहे. अतिवृष्टीने मुशीला महापूर आला. सुमारे पंधरा हजार माणसे मृत्युमुखी पडली, हजारो घरे कोसळली. अफझलगंज व चादरघाटचे पूल पाण्याने मोडले. सोळाव्या शतकातला पुरानापूल तेवढा टिकून राहिला. अफझलगंजच्या इस्पितळाच्या आवारातील एका चिंचेच्या झाडावर चढून सुमारे दीडशे माणसे वाचली. ते झाड आजही दाखविले जाते.

नदीच्या दोन तीरांवरचे शहर त्या दिवशी खरोखरच दुभंगले. दक्षिण तीरावर कोण जिवंत आहे हे उत्तर तीराला कळावयास मार्ग राहिला नाही. शालीबंडा, हुसेनी आलम या जुन्या शहरातील मोहल्ल्यांत अनेक मराठी घरे होती, आणि त्यांचे आप्त चादरघाटच्या बाजूला होते. अशा वेळी माणसाला हवी असते ती जगाची बातमी नव्हे. पलीकडच्या काठावरील एका घराची बातमी. ती वर्तमानपत्रात येत नाही. ती माणसे जेथे जमतात तेथे येते. जेथे लोक रोज येऊन बसतात असे ठिकाण मोहल्ल्याला का हवे, हे अशा संकटाच्या वेळी जितके उमगते तितके एरवी उमगत नाही.

या पुरानंतर विश्वेश्वरय्यांना पाचारण करण्यात आले. त्यांच्या योजनेतून १९२० मध्ये उस्मानसागर व १९२७ मध्ये हिमायतसागर पुरे झाले, आणि १९१२ मध्ये स्थापन झालेल्या नगर सुधार मंडळाने शहराचा चेहरामोहरा बदलण्यास आरंभ केला.

वाचनाच्या जागा

हैदराबादेत मराठी ग्रंथसंग्रहाची व सार्वजनिक उत्सवाची हालचाल प्रथम जुन्या शहरात, शालीबंड्यात सुरू झाली. भारत गुणवर्धक संस्थेची स्थापना तेथे १८९५ मध्ये झाली. परंतु चळवळीचा गुरुत्वमध्य हळूहळू नदी ओलांडून रेसिडेन्सीच्या परिसरात आला. येथे १८९२ मध्येच आर्य समाज स्थापन झालेला होता. १ सप्टेंबर १९०१ रोजी श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम हे तेलुगू ग्रंथालय रामकोटीजवळ, रावीचेट्टू रंगाराव यांच्या घरी सुरू झाले व पुढे सुलतान बाजारात स्थिरावले. १९०७ च्या सुमारास केशवराव कोरटकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी विवेकवर्धिनी पाठशाळा उभी केली. १९२० मध्ये लक्ष्मणराव फाटक यांनी ‘निजाम विजय’ हे मराठी साप्ताहिक काढले.

या सर्व संस्था एवढ्याशा परिघात याव्यात हा योगायोग नव्हे. निजामी हद्दीत सभा भरविणे, संस्था काढणे, शाळा चालविणे यांना अधिकाऱ्यांची मर्जी लागे. रेसिडेन्सीच्या छायेत ती अडचण पुष्कळ कमी होती. याचा अर्थ इंग्रज अधिकारी उदार होते असा मुळीच नाही. जे सरकार ब्रिटिश हिंदुस्थानात लोकमान्यांना मंडालेस धाडीत होते, ते येथे स्वातंत्र्याचे कैवारी होण्याचा संभव नव्हता. वस्तुस्थिती इतकीच की दोन सत्तांच्या सांध्यात एक फट राहिली होती, आणि काही समंजस माणसांनी त्या फटीत शाळा व वाचनालये बसविली.

श्रीकृष्णदेवराय निलयमच्या स्थापकांपैकी कोमर्राजु लक्ष्मणराव यांचा येथे विशेष उल्लेख केला पाहिजे. त्यांचे शिक्षण नागपुरात झाले. मराठीवर त्यांचे उत्तम प्रभुत्व होते. मराठी नियतकालिकांतून त्यांनी लेखन केले आणि मोरोपंतांच्या काव्याचा व्यासंग केला. तेलुगूत त्यांनी शिवाजी महाराजांचे चरित्र लिहिले. महाराष्ट्रातील ग्रंथप्रसाराची व नियतकालिकांची चळवळ जवळून पाहिल्यामुळे तसेच काही आपल्या भाषेत घडावे, ही तळमळ त्यांना लागली. तेलंगणातील पहिल्या मोठ्या ग्रंथालयाच्या पायात अशा रीतीने मराठी वाचनाचाही एक चिरा आहे. ही मराठी माणसाने अभिमानाने सांगावी अशी गोष्ट होय. परंतु याच मोहल्ल्यात तेवढ्याच प्रामाणिकपणे सांगावी अशी दुसरीही एक गोष्ट घडली.

१२ नोव्हेंबर १९२१

नोव्हेंबर १९२१ मध्ये विवेकवर्धिनीच्या नाट्यगृहात सामाजिक सुधारणा परिषद भरली. अध्यक्षस्थानी महर्षी धोंडो केशव कर्वे होते. स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचलेला हा माणूस हैदराबादेत यावा, यासारखा दुसरा आनंद स्थानिक मराठी मंडळींना नव्हता. भाषणे इंग्रजीत झाली, उर्दूत झाली, मराठीत झाली. १२ तारखेस आलमपल्ली वेंकटरामराव हे वकील एका ठरावावर तेलुगूत बोलावयास उभे राहिले. त्याबरोबर सभेत गलका सुरू झाला. हशा, टाळ्या आणि आरडाओरडा यांत त्यांना बोलणे अशक्य झाले.

या प्रसंगाचा विचार शांतपणे केला पाहिजे. राज्यात सर्वांत मोठी लोकसंख्या तेलुगू भाषकांची होती. सभा सुधारणेची होती. सभागृह अशा संस्थेचे होते की जिच्या नावातच विवेक आहे. आणि ज्यांनी गलका केला ते स्वतःच एका परक्या राजभाषेच्या दडपणाखाली आपली भाषा जपण्यासाठी धडपडणारे लोक होते. उर्दूचे वर्चस्व त्यांना जाचत होते. आपल्या वागण्याने दुसऱ्याला काय जाचते, हे मात्र त्या घटकेस त्यांना दिसले नाही. दडपणाखालील माणूस न्यायी असतोच असे नाही, हा इतिहासाचा कटू धडा या नाट्यगृहातही मिळाला.

त्याच रात्री काही तेलुगू कार्यकर्ते एकत्र जमले आणि त्यांनी आंध्र जनसंघाची स्थापना केली. माडपाटी हनुमंतराव हे त्या कार्याचे आधारस्तंभ झाले. त्यांनी प्रतिसभा भरविण्यात शक्ती खर्च केली नाही. गावोगावी ग्रंथालये व वाचनालये काढणे, शाळा उघडणे, जुने ग्रंथ व शिलालेख जमविणे हा कार्यक्रम त्यांनी हाती घेतला. १९२६ मध्ये सुरवरम प्रतापरेड्डी यांची ‘गोलकोंडा पत्रिका’ निघाली, १९३० मध्ये जोगीपेठ येथे आंध्र महासभेचे पहिले अधिवेशन भरले. तेलंगणाच्या जागृतीचा इतिहास लिहिणारा प्रत्येक जण त्या संध्याकाळपासून आरंभ करतो. अपमानाला ग्रंथालयाने उत्तर देण्याचे असे उदाहरण विरळा होय. मराठी संस्थांच्या इतिहासात हा प्रसंग बहुधा एका ओळीत उरकला जातो. तो विस्ताराने सांगितला गेला पाहिजे, कारण शेजाऱ्याचे न ऐकणाऱ्या वाचनालयात स्वतःच्या भाषेचाही आवाज हळूहळू बसत जातो.

हद्द पुसली जाते

पुढील दशक कसोटीचे ठरले. हैदराबाद संस्थानाच्या प्रश्नांची चर्चा करणाऱ्या राजकीय परिषदा संस्थानात भरविता येईनात. त्या काकिनाडा (१९२३), मुंबई (१९२६), पुणे (१९२८) व अकोला (१९३१) अशा परमुलखात भराव्या लागल्या. आपल्या घरचे गाऱ्हाणे मांडण्यासाठी नागरिकांना रेल्वेचे तिकीट काढावे लागे. १९२९ मध्ये ‘गश्ती निशाण ५३’ निघाले आणि पूर्वपरवानगीवाचून सभा घेणे दुरापास्त झाले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये महात्मा गांधी खादीच्या कार्यासाठी हैदराबादेस आले, तेव्हा विवेकवर्धिनीच्या पटांगणात त्यांची सभा झाली. १९३१ मध्ये श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन हैदराबादेत भरले. राजकीय परिषदेला मुलूख सोडावा लागत असताना साहित्याची सभा राजधानीत भरू शकली, यातच वाङ्मयीन संस्थांचे त्या काळातील महत्त्व आहे.

१९३३ मध्ये रेसिडेन्सी बाजारांचा अंमल निजामाकडे परत आला. वस्तीचे नाव सुलतान बाजार असे झाले. त्याच वर्षी चादरघाटची नगरपालिका हैदराबादेत विलीन होऊन एक महानगरपालिका अस्तित्वात आली. ज्या फटीत संस्था वाढल्या होत्या ती फट बुजली. संस्था मात्र बुजल्या नाहीत. तीस-चाळीस वर्षांत येथील माणसांना वाचावयाची, वाचलेले दुसऱ्याला सांगावयाची, आणि सांगितलेल्याबद्दल वाद घालावयाची सवय लागलेली होती. हुकुमाने हद्द बदलते, परंतु सवय इतक्या लवकर बदलत नाही. १९३७ मध्ये महाराष्ट्र परिषद व मराठी साहित्य परिषद स्थापन झाल्या. १९३८ मध्ये स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह सुरू झाला, त्यात पहिल्या तुकडीचे नेतृत्व गोविंदराव नानल यांनी केले. या सर्वांत पुढे असलेली पिढी याच शाळांतून व वाचनालयांतून तयार झाली होती.

बातमीची किंमत किती द्यावी लागते हे या परिसराला १९४८ मध्ये कळले. ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांनी हैदराबादने भारतात विलीन व्हावे, असे निर्भयपणे लिहिले. २१ ऑगस्टच्या रात्री काचीगुड्यात कचेरीतून घरी परतत असताना त्यांच्यावर हल्ला झाला. ज्या हाताने लिहीत तो हातच तोडण्यात आला, आणि पहाटे त्यांचा मृत्यू झाला. महिन्याभराच्या आत, १७ सप्टेंबर रोजी, निजामाची राजवट संपली. हे बलिदान उर्दूत लिहिणाऱ्या एका मुसलमान संपादकाचे होते, हे सुलतान बाजारच्या मराठी वाचकाने विसरता कामा नये. बातमीचे सत्य कोणत्या भाषेतून येईल याचा नेम नसतो.

नंतरची वर्षे

स्वातंत्र्यानंतर रेसिडेन्सीच्या प्रासादात विद्यार्थिनींचे महाविद्यालय आले. २०२२ मध्ये त्याचे महिला विद्यापीठात रूपांतर झाले. ज्या पायऱ्यांवरून रेसिडेंट उतरत असे, त्या पायऱ्यांनी पुढे मुलींच्या कित्येक पिढ्या पाहिल्या. महर्षी कर्व्यांना हे दृश्य पाहून निश्चितच संतोष वाटला असता.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचना झाली. मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि हैदराबाद आंध्र प्रदेशची राजधानी झाली. मराठवाड्याची ही हक्काची राजधानी एका दिवसात परराज्यात गेली. नोकरदार औरंगाबादला, नांदेडला, मुंबईला बदलून गेले. मुले शिक्षणासाठी तिकडेच जाऊ लागली. ज्यांना राहावयाचे होते ते राहिले. त्यांच्या घरी आता शाळेतून तेलुगू येऊ लागली, आणि पुढच्या पिढीत मराठी ही बोलण्याची भाषा राहिली तरी वाचण्याची राहीलच, अशी खात्री उरली नाही. मराठी ग्रंथालयांपुढील खरा प्रश्न तेव्हापासूनचा आहे. निजामी अमदानीत वाचक होते आणि मोकळीक नव्हती. पुढे मोकळीक आली, आणि वाचक विखुरले.

बाजारही बदलला. सुलतान बाजारातून मेट्रो रेल्वेचा मार्ग नेण्याचे ठरले तेव्हा व्यापाऱ्यांनी व जुन्या रहिवाशांनी अनेक वर्षे विरोध केला. अखेर ७ फेब्रुवारी २०२० रोजी तो मार्ग सुरू झाला, आणि जुन्या गल्ल्यांच्या डोक्यावरून गाड्या धावू लागल्या. मेट्रोच्या स्थानकाला सुलतान बाजार हेच नाव मिळाले.

आजचा वाचक बातमीसाठी वाचनालयात येत नाही. ती त्याच्या हातातील यंत्रावर क्षणाक्षणाला येत असते. तरीही या मोहल्ल्याच्या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट होते. येथे वाचनालय कधीच केवळ बातमी मिळविण्याचे ठिकाण नव्हते. ती चार जणांच्या देखत वाचण्याचे, तिच्यावर विश्वास ठेवावा की न ठेवावा हे ठरविण्याचे आणि शेजाऱ्याचा वेगळा अर्थ ऐकून घेण्याचे ते ठिकाण होते. १९०१ मध्ये कोमर्राजु लक्ष्मणरावांना मराठीकडून जे मिळाले आणि १९२१ मध्ये वेंकटरामरावांना जे नाकारले गेले, त्या दोहोंची आठवण शताब्दीच्या उंबरठ्यावर जागी राहिली पाहिजे. वाचनालयाच्या मेजावर मराठी वृत्तपत्राशेजारी तेलुगू व उर्दू वृत्तपत्र नित्यनेमाने ठेवले गेले, आणि जुन्या नियतकालिकांच्या हाती लागतील तेवढ्या फायली वाळवीपासून वाचवून जतन केल्या गेल्या, तर या मोहल्ल्याचे ऋण काही अंशी फेडल्यासारखे होईल.